थंडीतही कंपोस्ट खताचा ढीग तापता ठेवा

दिवाळीनंतर रचलेला खताचा ढीग पौषात गार पडतो आणि माघात उकरून पाहिला तर धसकटे, काड्या व तुराट्या जशाच्या तशा बाहेर निघतात, हा अनुभव कमी पावसाच्या टापूतील पुष्कळ शेतकऱ्यांस येतो. बीड जिल्ह्याच्या पश्चिम टोकास, आष्टी तालुक्यात वसलेल्या कडा गावाचा परिसर अशाच टापूत मोडतो. येथे हिम पडत नाही. परंतु पौष-माघातील काही रात्री तापमान दहा अंश सेल्सिअसखाली उतरते, माळावरून कोरडा वारा वाहतो आणि विहिरींचे पाणीही उतरू लागलेले असते. अशा दिवसांत ढिगाची ऊब टिकली तर चैत्रापर्यंत खत तयार होते. ती गेली तर मृगाच्या तोंडावर कच्चे खत शेतात टाकण्याचा प्रसंग येतो.

कच्च्या खताने होणारे नुकसान लहान नाही. त्यातील तणांचे बी जिवंत राहते व निंदणीचा खर्च वाढतो. अर्धवट कुजलेल्या खताबरोबर हुमणी व वाळवी यांचा उपद्रव शेतात येतो. शिवाय न कुजलेले काड जमिनीत कुजू लागले म्हणजे तेथील नत्र प्रथम सूक्ष्म जीव वापरतात आणि कोवळे पीक पिवळे पडते. ज्या जमिनीस वर्षातून एकदाच खत मिळावयाचे, तिला ते कच्चे मिळणे म्हणजे वर्ष वाया जाणे होय.

ऊब कोठून येते?

ढिगास बाहेरून कोणी उष्णता देत नाही. काडीकचरा व शेण यांवर असंख्य सूक्ष्म जीव वाढतात, हवेतील प्राणवायू घेतात आणि त्या क्रियेत उष्णता निर्माण होते. जळत्या लाकडातून जी उष्णता निघते, तीच येथे सावकाश निघते. चांगल्या ढिगाचा गाभा काही दिवसांतच ५५ ते ६५ अंशांपर्यंत तापतो. या उष्णतेत सलग तीन दिवस वा अधिक राहिलेल्या भागातील बहुतेक तणांचे बी व रोगजंतू मरतात. तापमान ७० अंशांपलीकडे गेल्यास मात्र उपयोगी जीवही मरू लागतात.

कॅनडात व उत्तर युरोपात शून्याखालील थंडीतही मोठ्या ढिगांचे गाभे गरम राहतात. वर बर्फ साचतो आणि शिखरातून वाफ निघत असते. मग आपल्याकडील सौम्य हिवाळ्यात ढीग का विझावा? यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. ढीग केवळ थंडीने विझत नाही. तो लहान असल्याने, कोरडा पडल्याने, नत्राच्या उणिवेने किंवा हवा कोंडल्याने विझतो. थंडी ही उणीव उघडी करते, एवढेच.

आकार मोठा ठेवावा

उष्णता ढिगाच्या सर्व अंगात निर्माण होते, पण निघून जाते ती पृष्ठभागावरून. अर्धा मीटर लांबी, रुंदी व उंचीच्या ढिगास प्रत्येक घनमीटर मालामागे १२ चौरस मीटर पृष्ठभाग पडतो. एक मीटरच्या ढिगास ६, तर दोन मीटरच्या ढिगास केवळ ३. म्हणून रोज दोन पाट्या टाकून वाढविलेला उकिरडा हिवाळ्यात कधीच तापत नाही. कचरा कोरडा साठवावा आणि पुरेसा झाला म्हणजे एक-दोन दिवसांत सर्व ढीग एकदम रचावा. लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी एक मीटरपेक्षा कमी नसावी. दीड मीटर असल्यास उत्तम. एका घरी एवढा माल नसेल तर शेजारच्या दोन-तीन घरांनी मिळून एकच ढीग घालावा व तयार खत पाट्यांनी वाटून घ्यावे.

शेण, कचरा व पाणी यांचे प्रमाण

सूक्ष्म जिवांस एक भाग नत्रामागे २५ ते ३० भाग कर्ब असलेला माल मानवतो. ताज्या शेणात हे प्रमाण सुमारे २० असते, तर गव्हाच्या काडात व उसाच्या पाचटात ते शंभराच्या आसपास जाते. म्हणून नुसते पाचट तापत नाही. वीतभर कचऱ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा सडा, मग गोठ्यातील मूत्राने भिजलेली माती व थोडी राख, असे थर द्यावेत. तुराट्या व पऱ्हाट्या बोटभर लांबीचे तुकडे करूनच घ्याव्यात. शेण कमी असल्यास एक टन पाचटास ८ किलो युरिया, १० किलो सुपर फॉस्फेट व १ किलो कंपोस्ट जिवाणू संवर्धन वापरावे. गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी उपटून घातल्यास तेही चांगला हिरवा माल ठरते.

एक किलो पूर्ण वाळलेल्या कचऱ्यास एक ते दीड लिटर पाणी लागते. माल मुठीत दाबला असता हात ओला व्हावा, परंतु पाण्याची धार निघू नये. कड्यासारख्या भागात हे पाणी पिण्याच्या पाण्यातून काढणे परवडणारे नाही. गोठा धुतलेले व जनावरांच्या हौदातील उरलेले पाणी साठवून वापरावे. पाणी भर दुपारी द्यावे. रात्रभर उघड्यावर थंड झालेले पाणी सकाळी ओतल्यास गाभ्याची ऊब उतरते.

वाऱ्यापासून आडोसा

ढिगाची जागा भिंतीच्या वा दाट कुंपणाच्या आडोशास, उन्हाच्या बाजूस निवडावी. हिवाळी वारा बहुधा उत्तरेकडून व पूर्वेकडून येतो. त्या अंगास तुराट्यांचा कूड उभारावा. ढीग रचून झाल्यावर वरून व बाजूंनी वीतभर जाडीचे पांघरूण घालावे. चाऱ्याची टंचाई असलेल्या भागात त्यासाठी कडबा वापरू नये. जनावरे खात नाहीत असे वाळलेले गवत, पालापाचोळा, पाचट किंवा मागील वर्षाचे जुने खत वापरावे. प्लास्टिकचा कागद घातल्यास ओल टिकते, परंतु तळाकडील बाजू मोकळ्या ठेवाव्यात. चोहोबाजूंनी शेणमातीने लिंपून टाकलेल्या ढिगात हवा शिरत नाही व तो तापत नाही.

इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड व त्यांचे सहकारी यशवंत वाड यांनी जी कंपोस्ट पद्धत बसविली व १९३१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली, तीत खड्डा अवघा दोन फूट खोल ठेवला होता, कारण त्याखाली हवा नीट पोहोचत नाही. पुसदचे नारायण देवतराव पांढरीपांडे यांच्या नाडेप टाक्यास विटांमध्ये छिद्रे ठेवतात तीही हवेसाठीच. नाडेप टाके असल्यास थंडीत वाऱ्याकडील छिद्रांवर गोणपाट सोडावे. सर्व छिद्रे मात्र बुजवू नयेत.

ढीग तपासणे व परतणे

लोखंडी पहार ढिगाच्या गाभ्यात दहा मिनिटे रोवून ठेवावी व बाहेर काढून तिचे टोक बेताने चाचपावे. हात ठेववत नसेल तर ढीग उत्तम तापला आहे. कोमट लागल्यास परतण्याची वेळ झाली. गार लागल्यास कारण शोधावे. आतील माल कोरडा व राखाडी असेल तर पाणी कमी आहे. माल ओला असून दुर्गंधी येत असेल तर हवा कोंडली आहे. कोरडा कचरा मिसळून ढीग सैल करावा. ओल योग्य, वास नाही, तरीही ऊब नसेल तर शेण वा मूत्र कमी पडले असे समजावे.

परतताना ऊब निसटते, म्हणून थंडीत विनाकारण परतू नये. वारा पडलेला असताना, दुपारी, चार माणसांनी मिळून काम लवकर उरकावे. बाहेरचा गार माल आत व आतला बाहेर घालावा, म्हणजे सर्व मालास गाभ्याची उष्णता मिळते. साधारणपणे तीन वेळा परतणे पुरते. लगेच पांघरूण घालण्यास विसरू नये.

ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसाठी

या जिल्ह्यातील अनेक कुटुंबे दसऱ्यानंतर बैलांसह साखर कारखान्यांकडे जातात व हंगाम संपल्यावरच परततात. घरी वृद्ध माणसे व एखाददुसरे जनावर राहते, आणि रोजचे थोडे शेण उकिरड्यावर वाळून जाते. अशा कुटुंबांनी पावसाळ्यातील शेण व बाजरी, उडीद, मुगाचा निरुपयोगी काडीकचरा यांचा मोठा ढीग निघण्यापूर्वीच रचावा, भरपूर भिजवावा व जाड पांघरावा. ऑक्टोबरमधील उबेत तो लवकर पेट घेतो आणि एकदा तापलेला मोठा ढीग थंडीस सहज तोंड देतो. मागे राहिलेल्यांनी पंधरवड्यातून एकदा पहार घालून पाहावे. परतण्याचे जड काम मात्र त्यांच्यावर टाकू नये. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी त्यासाठी एक दिवस ठरवून गावातील तरुणांचे साह्य मिळवावे.

कार्यकर्त्यांनी प्रत्येक गावी एक ढीग या रीतीने व एक नेहमीच्या रीतीने शेजारी शेजारी घालावा. पौषातील एखाद्या सकाळी दोहोंत पहार रोवून ती लोकांच्या हाती द्यावी. व्याख्यानापेक्षा ती पहार अधिक पटवून देईल.