तांबड्या शाईची परीक्षा

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या तोंडावर धडगावकडचा एक तरुण माझ्या घरी आला. शहाद्यात कुणीतरी त्याला सांगितले होते, की पुरुषोत्तमनगरला जुन्या वह्या जपून ठेवणारा एक माणूस राहतो. चहा झाला, ऊस-पावसाच्या गोष्टी झाल्या, आणि मग त्याने विचारले, "काका, आमच्या आजोबांची उचल फिटली होती का?"

या एका प्रश्नामुळे मी तांबड्या शाईच्या मागे लागलो. हा लेख म्हणजे त्या शोधाचा हिशेब.

आमचे गाव साखर कारखान्याभोवती वसलेले. माझे वडील दिवसा दुसरीकडे नोकरी करीत आणि संध्याकाळी एका मुकादमाच्या वह्या लिहीत. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. टोळीतल्या प्रत्येक कोयत्याला वहीत एक पान असे. पावसाळ्यात घेतलेली उचल निळ्या-काळ्या शाईने पेनाने लिहायची. हंगामात ती फिटत गेली, की त्या रकमेवर तांबड्या शाईची आडवी रेघ मारून शेजारी 'फिटली' असे लिहायचे. बेरजा शिशपेन्सिलीने. तांबड्या शाईसाठी वडिलांचा वेगळा टाक होता आणि औषधाची एक रिकामी बाटली होती. तिच्यात शाईची वडी विरघळवून ठेवलेली असे. मी लहान असताना बाटली हलवायचे काम माझे.

वडील गेल्यानंतरच्या एका पावसाळ्यात कौलातून पाणी गळले आणि वह्यांची पेटी भिजली. आठ दिवसांनी ते माझ्या लक्षात आले. पाने एकेक सुटी करून पंख्याखाली वाळवली. निळी-काळी अक्षरे होती तशी होती. पेन्सिलीच्या बेरजाही जागच्या जागी. तांबडे मात्र सगळे वाहून गेले होते, आणि पानांवर गुलाबी ढग तेवढे उरले होते. वह्या वाळल्या तेव्हा त्यांत घेतलेले पैसे शिल्लक होते, फेडलेले नव्हते.

त्या तरुणाच्या आजोबांचे पान मी काढून दाखवले. तीन रकमा, तिन्ही ठळक. त्याच्या घरात एक गोष्ट चालत आलेली होती, की आजोबा कर्जात गेले आणि म्हणून मुकादमाने बैलजोडी नेली. आजी मात्र मरेपर्यंत म्हणत राहिली, की पैसे फिटले होते. पान पाहून तो म्हणाला, "म्हणजे आजी खोटं बोलत होती." मी म्हटले, "तसं नाही, भाऊ. इथे तांबडी शाई होती." पण ते सिद्ध कसे करायचे?

आधी शाईकडे वळतो. रोजच्या बोलण्यात आपण दोन्हींना शाईच म्हणतो, पण निळी-काळी आणि तांबडी यांची जातच वेगळी. जुन्या पद्धतीच्या निळ्या-काळ्या शाईत मायफळासारख्या तुरट वस्तूंतले टॅनिन आणि हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, असतो. लिहिताना ती फिकी दिसते. अक्षर दिसावे म्हणून तिच्यात निळा रंग मिसळलेला असतो. हवा लागली की लोखंडाचे रूप बदलते आणि कागदाच्या तंतूंमध्येच पाण्यात न विरघळणारे काळे द्रव्य तयार होते. अक्षर कागदावर बसत नाही, कागदात रुजते. इंग्लंडात जन्ममृत्यूच्या नोंदींसाठी हीच शाई वापरत, ती याच कारणाने.

तांबड्या शाईत असले काही घडत नाही. ती म्हणजे पाण्यात विरघळलेला रंग. पाणी उडून गेले की रंग कागदावर राहतो आणि पुन्हा पाणी आले की त्याच्याबरोबर चालू लागतो. अनेक तांबड्या शायांचा मूळ आधार म्हणजे इओसिन. १८७० च्या दशकात हाइनरिख कारो या जर्मन रसायनतज्ज्ञाने ते तयार केले. इओस म्हणजे ग्रीकांची उषा, नाव त्यावरून. रंग खरोखरच पहाटेसारखा, आणि टिकतोही साधारण तितकाच. व्हॅन गॉगने १८९० मध्ये रंगवलेले आयरिस फुलांचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. त्याची पार्श्वभूमी मुळात गुलाबी होती, आज ती जवळजवळ पांढरी दिसते. त्या गुलाबीतला लाल रंग इओसिनपासूनच केलेला होता. तो पाण्याने गेला नाही, उजेडाने गेला. म्हणजे या रंगाला शत्रू दोन.

आपल्याकडे पूर्वी असे नव्हते. पोथी लिहिणारे काळ्यासाठी काजळ आणि डिंक वापरीत आणि तांबड्यासाठी हिंगूळ. अध्यायाचा आरंभ, समाप्तीची ओळ, दंड, हे सारे हिंगुळाने. हिंगूळ हे खनिज. पाण्यात ते विरघळत नाही. त्याची पूड डिंकाच्या आधाराने कागदाला धरून राहते. समर्थांनी दासबोधात एकोणिसाव्या दशकाच्या पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. तिथे बरू, कागद, मस यांच्याबरोबर हिंगूळ संग्रही ठेवायलाही ते सांगतात. चूक झाली तर तिच्यावर पिवळी हरताळ फासत, हा वाक्प्रचार आपण अजून वापरतो. म्हणजे ज्या दौतीत लिहिणे होते तिच्याशेजारीच खोडणेही होते, आणि दोन्ही टिकाऊ. (हरताळ सोमलाच्या कुळातली आणि हिंगूळ पाऱ्याच्या. आपल्या लहिऱ्यांची बोटे बरीच विषे हाताळीत असत.)

मग बरू गेला आणि निब आली. हिंगूळ जड, तळाशी बसणारा. फाउंटन पेनाच्या केसासारख्या बारीक नळीत तो चालत नाही. पेनाला हवी पाण्यासारखी शाई. १९३१ मध्ये गिरगावात दिगंबर परशुराम दांडेकर आणि त्यांचे बंधू यांनी 'हॉर्स ब्रँड' नावाने शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. पुढे त्यातूनच कॅमल शाई आणि कॅम्लिनचा संसार उभा राहिला. १९३४ मध्ये बंगालात सुलेखा शाई निघाली. तो स्वदेशीचा काळ होता. परदेशी दौतीवाचून लिहिता येते, हे दाखवणे ही तेव्हा लहान गोष्ट नव्हती. वडीमुळे शाई खेड्यापर्यंत पोचली. बाटली फुटते, वडी पुडीत बांधून खिशात घालता येते. सांगायचे ते एवढेच, की या सुखसोयीत तांबड्या रंगाची जात बदलली. खनिज गेले, विरघळणारा रंग आला. पण तांबड्याचा मान तोच राहिला. शिक्षकांचे गुण, तपासनिसाची खूण, सुट्टीचा वार, सगळे तांबडे. जे नजरेत भरले पाहिजे त्यासाठी आपण सर्वांत कच्चा रंग निवडला.

आता परीक्षा. दुकानात मिळणारी शाळकरी तांबडी शाई, जुन्या स्टेशनरीवाल्याकडे सापडलेली वडी, परदेशी बनावटीची रंगकणांची तांबडी शाई आणि घरी डिंकात खललेला हिंगूळ, अशा चार नमुन्यांनी मी एकाच खातेवहीच्या कागदावर 'फिटली' हा शब्द लिहिला. हिंगूळ बरूने, वडी टाकाने, बाकी पेनाने. अर्ध्या पट्ट्या काळ्या कागदाने झाकल्या आणि पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते जून ठेवल्या. आमच्याकडच्या उन्हाबद्दल वेगळे सांगायला नको. दुसरा संच दहा मिनिटे पाण्यात धरला. कंपन्यांची नावे मुद्दाम देत नाही, कारण हा गुणदोष एखाद्या बाटलीचा नाही, त्या जातीचा आहे.

लिहायला सर्वांत गोड शाळकरी शाई. निब सरसर चालते, रंग डाळिंबी, ओला असताना तर पाहत राहावा असा. पेन दोन दिवस उघडे राहिले की निबवर साखरेसारखी खरपुडी धरते, पण ती पाण्याने लगेच निघते. स्वस्त कागदावर मात्र शाई फुटते. वडीची शाई थोडी पातळ आणि शेंदराकडे झुकणारी. उन्हात दोघींचीही गत एकच झाली. जूनमध्ये काळा कागद काढला तेव्हा झाकलेले 'फिट' तांबडे होते आणि उघडे 'ली' मळक्या गुलाबी सावलीसारखे. पाण्यात तर पहिल्या मिनिटातच दोघींचे धागे सुटले.

रंगकणांची शाई दोन्हींत टिकली. तिच्यात बारीक वाटलेले रंगाचे कण तरंगत असतात. म्हणजे हिंगुळाचीच कल्पना, निबेला मानवेल इतकी बारीक केलेली. पण ती महाग आहे, आणि पेन आठवडाभर पडून राहिले तर नळीत सुकून बसते. माझे एक चांगले पेन तिने जवळजवळ निकामी केले. रोज लिहिणाऱ्याने आणि रोज धुणाऱ्यानेच तिच्या वाटेला जावे. हिंगूळ उन्हात किंचित काळवंडला, पाण्यात थोडी पूड सुटली, अक्षर मात्र वाचता येत होते. पण हिंगुळाचा प्रयोग कुणी करू नये, असेच मी म्हणेन. मी केला तो हातमोजे घालून, एकदाच.

वहीपूजन करणाऱ्या, अजून हाताने खाते लिहिणाऱ्या वाचकांना एवढेच सांगतो. तांबड्याने खूण करा, पण पावती, फेड, तारीख, सही तांबड्यात ठेवू नका. शिशपेन्सिलसुद्धा तिच्याहून भरवशाची. ती खोडता येते, पण तिला ना पाणी खाते ना ऊन.

आता पुन्हा त्या पानाकडे. नोटा तपासायचा जांभळा दिवा मी एका दुकानदाराकडून मागून आणला. इओसिन अशा उजेडात चमकते. पान अंधारात धरले, तर सगळे पानच पिवळट-हिरवे उजळले, कारण रंग सगळीकडे पसरला होता. त्यावरून इथे तांबडी शाई होती एवढे कळले. ती कशावर होती, ते कळले नाही.

मग टाक आठवला. वडिलांचा हात जड. टाकाची निब कागदावर दाबली की तिच्या दोन टोकांचे चर उमटतात, आणि शाई गेली तरी चर राहू शकतो. खोलीत अंधार केला, पान सपाट ठेवले आणि बॅटरी पानाच्या कडेशी, जवळजवळ आडवी धरली. तिसऱ्या रकमेवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोन समांतर चर दिसले. शेजारी 'फ' चा दांडा आणि शेवटची वेलांटी. पहिल्या रकमेवरही रेघेचा तुकडा आहे असे मला वाटते, पण तिथे कागद भिजून फुगला आहे, आणि वाटणे हा पुरावा नव्हे. दुसऱ्या रकमेवर काही नाही.

मी त्या तरुणाला फोन करून बोलावले. बॅटरी त्याच्याच हातात दिली. तो बराच वेळ पानावर वाकून होता. मग म्हणाला, "ही मोठी रक्कम आहे ना, काका?" होती. तिन्हींत तीच मोठी होती. बैल त्यानंतर गेले की आधी, हे वहीत कुठेच नाही.

पानाची झेरॉक्स काढली, तर तिच्यात चर उमटेना. तेव्हा पानावर पातळ कागद ठेवून मी तिसऱ्या रकमेची रेघ पेन्सिलीने उतरवली आणि खाली तारीख घातली. पहिल्या रकमेवरचीही उतरवून द्या, असे तो म्हणाला. मी नाही म्हटले. त्याला ते आवडले नाही, पण त्याने कागदाची घडी घालून तो नीट खिशात ठेवला. वही आता लोखंडी कपाटात वरच्या फळीवर आहे. त्या टोळीची आणखी एकतीस पाने मला अजून बॅटरीखाली पाहायची आहेत.