सूप मांडीवर घेऊन बसणाऱ्यांचा व्यायाम

सरकार आता प्रजेला चालायला, धावायला आणि खेळायला सांगू लागले आहे, हे ऐकून चिकोडी भागातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्याला हसू येईल. ज्याने जन्मभर उसाला पाणी पाजले आणि डोक्यावरून भारे वाहिले, त्याला व्यायामाचा उपदेश कशाला? तथापि ही गोष्ट हसण्यावारी नेण्याजोगी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांचा एक अभ्यास २०२४ साली ‘द लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्याप्रमाणे २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्म्या प्रौढांच्या शरीराला पुरेशी हालचाल घडत नव्हती. २००० साली हे प्रमाण शेकडा २२ च्या आसपास होते. त्यातही पुरुषांचे प्रमाण शेकडा ४२, तर स्त्रियांचे ५७. हा शेवटचा आकडा वाचकांनी ध्यानात ठेवावा.

राज्यकर्त्यांची ही चिंता आजची नव्हे. चिकोडी तालुका १९५६ पर्यंत मुंबईच्या अमलाखाली होता. त्या प्रांतात १९३७ साली बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले आणि शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी समिती नेमली गेली. लोणावळ्याच्या कैवल्यधामाचे स्वामी कुवलयानंद या कार्यात अग्रभागी होते. १९३८ साली कांदिवलीस व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. स्वातंत्र्यानंतर १९५६ साली शारीरिक शिक्षणाची राष्ट्रीय योजना तयार झाली, आणि १९५९-६० च्या सुमारास धावणे, उडी व फेक यांच्या कसोट्या घेणारी राष्ट्रीय मोहीम निघाली. अलीकडे ‘खेलो इंडिया’ आली आणि २९ ऑगस्ट २०१९ रोजी, राष्ट्रीय क्रीडादिनी, ‘फिट इंडिया’ चळवळीचा आरंभ झाला.

या साऱ्या योजनांबद्दल आम्हांस आदरच आहे. परंतु त्यांचा लाभ प्रामुख्याने कोणाला झाला? शाळेतल्या मुलाला, मैदानावरच्या खेळाडूला, शहरातल्या हौशी माणसाला. आमच्या सीमाभागात तालमीची परंपरा मोठी. कोल्हापूरचे खासबाग मैदान शाहू महाराजांनी उभारले, आणि त्याच मातीतल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कांस्यपदक मिळविले. हा अभिमानाचा वारसा खरा. पण पिढ्यान्‌पिढ्या तालमीचे दार पुरुषांसाठीच उघडे राहिले.

आता निपाणीकडे दृष्टी वळवू. तेथील विडी वळणारी स्त्री सूप मांडीवर घेऊन सकाळी बसते. पान कातरावे, तंबाखू भरावी, वळावे, दोरा बांधावा; हात अखंड चालतात आणि देह जागचा हलत नाही. मजुरी हजारी विड्यांच्या हिशेबाने मिळत असल्याने उठण्यात गेलेला प्रत्येक क्षण पदरातून जातो. मान, पाठ आणि गुडघे यांचे दुखणे हा या धंद्याचा जणू ठरलेला कर होय. ही स्त्री आळशी नाही. ती अतोनात कष्ट करते, परंतु बसून करते. ‘हालचाल करा’ एवढे सांगून तिचा प्रश्न सुटत नाही. तिला उठण्याची सवड कोण देणार, हा खरा प्रश्न आहे.

येथे शास्त्राने एक दिलासा दिला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ माणसाने आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि मुलांनी सरासरी रोज ६० मिनिटे. निदान दहा मिनिटे सलग हालचाल झाली तरच ती हिशेबात धरावी, ही पूर्वीची अट आता उरलेली नाही. म्हणजे अधूनमधून उठून अंगणात चार फेऱ्या मारल्या तरी त्या व्यर्थ जात नाहीत.

देह हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, ही संत पौलाची शिकवण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. २०१८ साली व्हॅटिकनने खेळाविषयी एक स्वतंत्र दस्तऐवज प्रसिद्ध केला आणि खेळाचा संबंध सबंध मानवाशी, देह व आत्मा या दोहोंशी, जोडला. मंदिर पुरुषाच्या देहाचे तेवढे आणि स्त्रीच्या देहाचे नव्हे, असे कोणीही म्हणणार नाही. मग घरातील व्यवहारही तसाच असावयास नको काय?

म्हणून आमची प्रत्येक कुटुंबास विनंती आहे. संध्याकाळी घरातील पुरुषांनी व मुलांनी पाणी भरावे, चूल सांभाळावी आणि आईला अर्धा तास चालण्यास मोकळे करावे. धर्मशिक्षणाचा वर्ग संपला की चर्चच्या आवारात मुलांइतकाच वेळ मुलींनाही खेळू द्यावे; मोठी झाली म्हणून मुलीचा खेळ बंद करू नये. आजाऱ्याच्या भेटीस जवळच जावयाचे असेल तर पायीच जावे; दयेचे कृत्य घडते आणि पायांनाही काम मिळते. ज्यांचे गुडघे वा हृदय दुबळे आहे त्यांनी प्रथम वैद्याचा सल्ला घ्यावा.

सरकार योजना आखील, मैदाने बांधील, पदके देईल. परंतु घराघरांतील आईच्या मांडीवरचे सूप अर्धा तास खाली उतरविणे कोणत्याही मंत्र्याच्या हाती नाही. ते तिच्या घरच्यांच्याच हाती आहे. प्रभू आपणांस ती सुबुद्धी देवो.