पावसातील मॅराथॉन आणि अंगातली ऊब

विद्यार्थिमित्रहो, गेल्या वर्षीच्या जुलै महिन्यातील आपल्या शाळेची दौड तुमच्यापैकी पुष्कळांच्या स्मरणात असेल. अंतर आठ किलोमीटरांचे. पहाटेपासून पावसाची झड लागलेली आणि माळावर पश्चिमेकडून सोसाट्याचा वारा सुटलेला. दौड पुढे ढकलावी की काय, असा विचार आम्हा शिक्षकांच्या मनात येऊन गेला. पण तुमचा उत्साह पाहून तो विचार आम्ही गिळला. नववीतील एक मुलगा (त्याचे नाव मी सांगत नाही, कारण हा अंक तो वाचणारच) तिसऱ्या क्रमांकाने आला. येताना त्याचा चेहरा लालबुंद होता आणि अंगावरून अक्षरशः वाफा निघत होत्या. मी त्याची पाठ थोपटली, व्हरांड्याच्या पायरीवर त्याला बसविले, "जरा दम खा," असे म्हटले आणि पुढच्या मुलांचे क्रमांक टिपावयास निघून गेलो.

दहा-बारा मिनिटांनी परत येऊन पाहतो, तो मुलाचे ओठ काळेनिळे पडलेले, दातांवर दात आपटत असलेले. हातातला बिस्किटांचा पुडा त्याला फोडता येईना. "काय होते रे?" म्हणून विचारले, तर उत्तरातील शब्द एकमेकांत अडकू लागले. मी पार गोंधळून गेलो. शाळेतील मावशी तेवढ्यात तेथे आल्या. त्यांनी एकदा मुलाकडे व एकदा माझ्याकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सर, आधी त्याचा ओला सदरा उतरवा. दम काय, मागनं खाईल." पंचाने त्याचे अंग खसाखसा न घासता हलकेच टिपून, पहारेकऱ्याच्या खोलीतली घोंगडी त्याच्याभोवती लपेटून, मावशींनी त्याला गुळाचा गरम चहा पाजला. अर्ध्या तासात स्वारी हसू-बोलू लागली.

मी पडलो कलाशाखेचा पदवीधर. इतिहास आणि भाषा हे माझे विषय. शरीरशास्त्राशी माझा संबंध बेताचाच. तरीही त्या दिवसापासून एक प्रश्न मनातून जाईना. त्या सकाळी पारा काही वीस अंशांच्या खाली उतरलेला नव्हता. ज्या मुलाला पाऊण तास पावसात धावताना गारठा वाटला नाही, तो छपराखाली स्वस्थ बसल्यावर गारठला कसा? त्याचे उत्तर शोधता शोधता मी थेट मॅराथॉनपर्यंत जाऊन पोहोचलो. त्या वाचनात जे हाती लागले, ते येथे सांगतो.

आपला देह ही एक अखंड पेटलेली शेकोटी आहे, असे समजा. तिची ऊब सुमारे ३७ अंश सेल्सियसवर स्थिर राखण्यासाठी जमा आणि खर्च यांचा मेळ सारखा घालावा लागतो. मनुष्य स्वस्थ बसलेला असताना ताशी साधारण सत्तर-ऐंशी किलोकॅलरी उष्णता निर्माण करतो. धावणाऱ्याची गोष्ट निराळी. धावण्यास वजनाच्या प्रत्येक किलोग्रॅममागे दर किलोमीटरला ढोबळ मानाने एक किलोकॅलरी लागते. म्हणजे ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाने ताशी १२ किलोमीटरांच्या वेगाने धाव घेतली, तर तासाला सुमारे ७२० किलोकॅलरी खर्ची पडतात; आणि त्यांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश भाग स्नायूंच्या हालचालीत न जाता निव्वळ उष्णता होऊन बाहेर पडतो. अर्थात स्वस्थ बसलेल्याच्या सातपट उष्णता! एवढी जमा चालू असता बाहेरचा गारठा धावपटूला जाणवत नाही. किंबहुना कोरडी, सौम्य थंडी ही मॅराथॉनची मित्रच होय. खरा वैरी उकाडा. १९०४ साली सेंट लुई येथील ऑलिंपिकमध्ये रणरणत्या उन्हात व धुळीत ३२ जण धावले आणि त्यांतले अवघे १४ शेवटपर्यंत पोहोचले.

परंतु थंडीच्या जोडीला पाऊस आला म्हणजे खर्चाची बाजू एकदम फुगते. पाणी हवेच्या मानाने उष्णता पंचवीसपट सुलभतेने वाहून नेते. कोरड्या कपड्यांच्या धाग्यांत अडकलेली हवा ही आपली खरी दुलई. कपडा भिजला की त्या हवेची जागा पाणी घेते आणि दुलई नाहीशी होते. त्यात वारा असला, तर ओल्या अंगावरील पाण्याची वाफ होऊ लागते. एक लिटर पाण्याची वाफ व्हावयास सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता लागते, आणि ती देहाच्याच पेटीतून जाते. माठातले पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने भिजलेला धावपटू गार होतो. फरक इतकाच की, माठाला त्याचे सुख आहे.

आता आपल्या मुलाचे कोडे सुटते. तो थांबला त्या क्षणी जमा सातपटीवरून एकपटीवर आली. खर्च मात्र, ओला सदरा आणि वारा तसाच असल्यामुळे, होता तेवढाच राहिला. मी त्याला नेमके वाऱ्याच्या तोंडावर बसविले होते, ही गोष्टही येथे कबूल केली पाहिजे.

मॅराथॉनमध्ये हाच प्रसंग धावता धावता ओढवतो. ४२.१९५ किलोमीटरांच्या त्या अंतरास आपल्या साठ किलोंच्या माणसाला सुमारे अडीच हजार किलोकॅलरी हव्यात. स्नायू व यकृत यांत साठविलेली शर्करा मात्र साधारण दोन हजारांचीच सोय करते. तिसाव्या किलोमीटरच्या पुढे हा साठा आटत जातो, पाय जड होतात, वेग मंदावतो. वेग मंदावला की उष्णता कमी निर्माण होते. उष्णता कमी झाली की स्नायू गारठतात. आणि गारठलेले स्नायू अधिकच मंद चालतात. हे चक्र एकदा फिरू लागले की ते थांबविणे कठीण. शिवाय देह आतल्या इंद्रियांची ऊब जपण्यासाठी कातडीतील व हातापायांतील रक्तवाहिन्या आवळून धरतो. त्यामुळे बोटे बधिर होतात आणि नेमक्या गरजेच्या वेळी खिशातला खाऊ काढता येत नाही.

थंड पावसातल्या मॅराथॉनची एक कथा आपल्या बेळगावच्या अगदी जवळची आहे. २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक मॅराथॉन झाली, ती गार हवेत आणि पावसात. तिचे अंतर ४२.७५ किलोमीटर, म्हणजे ऑलिंपिकच्या इतिहासातील सर्वांत दीर्घ. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन २ तास ३२ मिनिटे ३५ सेकंदांत जिंकला. एस्टोनियाचा यूरी लोसमान त्याच्या मागे अवघ्या तेरा सेकंदांवर होता. तिसऱ्या आलेल्या इटलीच्या वालेरियो आरीने शेवटची रेषा ओलांडल्यावर आनंदाने कोलांट्या मारल्या, अशी नोंद आहे. आणि याच शर्यतीत १९ व्या क्रमांकावर नाव आहे फडेप्पा दरेप्पा चौगुले यांचे: बेळगावचे चौगुले! वेळ २ तास ५० मिनिटे ४५ सेकंद. हिंदुस्थानने ऑलिंपिकला संघ म्हणून पाठविलेल्या पहिल्या पथकात ते होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडामहोत्सवात अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून सर दोराबजी टाटा यांच्या मनात या पथकाची कल्पना आली आणि त्यांनी ती धडाडीने तडीस नेली. बेळगावचा पाऊस अंगवळणी पडलेल्या माणसाला अँटवर्पच्या सरींचे फारसे नवल वाटले नसावे, असा माझा आपला तर्क. प्रत्येक वेळी आपल्या गावातून त्या नावाचा उच्चार झाला की मला धन्य वाटते, आणि तो फार क्वचित होतो याची खंतही वाटते.

दुसरे उदाहरण अलीकडचे. अमेरिकेतील बोस्टन येथे १८९७ पासून मॅराथॉन भरते. हॉपकिंटन गावातून निघून पूर्वेकडे बोस्टन शहरापर्यंत जाणारा तिचा रस्ता. १६ एप्रिल २०१८ रोजी तेथे तापमान तीन-चार अंश, मुसळधार पाऊस, आणि समोरून ताशी ४० किलोमीटरांहून अधिक वेगाचे वाऱ्याचे झोत. अनेक नामांकित व्यावसायिक धावपटूंनी शर्यत मध्येच सोडून दिली. उत्तम धावपटू अंगाने कृश असतात, चरबीचे अस्तर त्यांच्याजवळ नसतेच. असल्या हवेत हीच त्यांची उणीव ठरते. त्या दिवशी पुरुषांत जिंकला जपानचा युकी कावाउची, २ तास १५ मिनिटे ५८ सेकंदांत. १९७६ नंतर इतक्या मंद वेळेत तेथे कोणी पुरुष जिंकला नव्हता. आणि गंमत अशी की १९७६ चा मंदपणा भयंकर उकाड्यामुळे होता.

कावाउची त्या वेळी सायतामा प्रांतातील एका सरकारी हायस्कूलच्या कचेरीत नोकरी करीत असे. होय, तुमच्या-आमच्या शाळेत फीची पावती फाडून देतात तसली नोकरी! ती सांभाळून तो धावत असे. त्याच वर्षी १ जानेवारीला मॅसॅच्युसेट्समधीलच मार्शफील्ड येथे शून्याखाली सुमारे सतरा अंशांच्या थंडीत त्याने २ तास १८ मिनिटे ५९ सेकंदांत मॅराथॉन पुरी केली होती. बोस्टनला केनियाचा जेफ्री किरुई, आदल्या वर्षीचा विजेता, पुष्कळ पुढे निघून गेला होता. पण शेवटच्या टप्प्यात तो मंदावला आणि कावाउचीने त्याला गाठून मागे टाकले. ही हवा आपल्याला सर्वांत अनुकूल होती, असे त्याने नंतर सांगितले. स्त्रियांत डेझिरे लिंडेन २ तास ३९ मिनिटे ५४ सेकंदांत पहिली आली. आरंभी तिची प्रकृती इतकी नरम होती की, शर्यत सोडण्याचा विचार तिने आपल्या सोबतिणीजवळ, शलेन फ्लॅनगनजवळ, बोलून दाखविला. आणि सोडायचीच आहे तर तोवर तुला मदत करते, म्हणून ती वाटेत तिच्यासाठी थांबलीसुद्धा. पावसाळी जाकीट मात्र तिने शेवटपर्यंत अंगावरून काढले नाही. माझ्या मते तिच्या विजयात धैर्याइतकाच वाटा त्या जाकिटाचा आहे. दुसरी आलेली सेरा सेलर्स ही भूल देण्याचे काम करणारी परिचारिका, नोकरी सांभाळून सराव करणारी.

कपड्यांविषयी दोन शब्द. सुती बनियन घामासाठी उत्तम, पावसासाठी नव्हे. ते पाणी पिऊन जड होते व अंगाला चिकटून राहते. धावपटू हल्ली पाणी न शोषणाऱ्या कृत्रिम धाग्याचे घट्ट कपडे, वर वारा अडविणारे पातळ जाकीट, टोपी आणि हातमोजे वापरतात. ओले कापड घासून कातडी सोलवटू नये म्हणून काखेत व मांड्यांना व्हॅसलीन लावतात. लोकर भिजली तरी बरीचशी ऊब राखते. हे आपल्या धनगरांना कोणी शिकवावे लागले नाही. कणकुंबीच्या वाटेवर मुसळधार पावसात घोंगडीची खोळ घेऊन मेंढरांमागे उभा असलेला माणूस मी कितीदा पाहिला आहे.

अंगाची आतली ऊब ३५ अंशांच्या खाली उतरली की डॉक्टर त्या स्थितीस हायपोथर्मिया म्हणतात. आमच्या घरी कोंकणीत थंडी वाजण्याला 'हींव' म्हणतात. तोच शब्द मराठीच्या हिवाळ्यात आणि हिवतापात वसलेला आहे. पण साधे हींव आणि ही घसरण यांतला भेद ओळखता आला पाहिजे. प्रथम कुडकुडणे, मग बटण लागेनासे होणे, बोलणे अडखळणे, पाय लटपटणे, विनाकारण चिडचिड. सर्वांत धोक्याची खूण अशी की कुडकुडणे आपोआप थांबते आणि मनुष्य गुंगू लागतो. पाहणाऱ्याला वाटते, बरे वाटू लागले. वस्तुतः शेकोटी विझत आलेली असते. अशा वेळी क्षणही न दवडता डॉक्टरांना बोलवावे.

तोवर आडोशाला नेणे, ओले कपडे उतरविणे, अंग टिपून कोरडे करणे, डोक्यासकट पांघरूण घालणे. शुद्धीवर असून नीट गिळता येत असेल तर गरम गोड पेय देणे. हातपाय चोळू नयेत, एकदम विस्तवापाशीही नेऊ नये. आमच्या गोव्याकडे गारठलेल्याला फेणीचा घोट देण्याची जुनी समजूत आहे, ती चुकीची. मद्याने कातडीतील रक्तवाहिन्या सैल होतात, क्षणभर ऊब वाटते आणि आतली उष्णता बाहेर निघून जाते. थांबल्यानंतरही काही मिनिटे देहाचे तापमान घसरत राहते, म्हणून मोठ्या मॅराथॉनमध्ये शेवटच्या रेषेपाशीच धावपटूंच्या खांद्यावर चकचकीत मुलामा दिलेली पातळ चादर टाकतात.

आपल्याजवळ तसल्या चादरी नाहीत. यंदाच्या जुलैतील दौडीसाठी मुख्याध्यापकांनी पुढील व्यवस्था मान्य केली आहे: प्रत्येकाने कोरडा सदरा, विजार आणि टॉवेल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून, वर आपले नाव व इयत्ता लिहून, आदल्या दिवशी वर्गशिक्षकांकडे द्यावीत. पिशव्या व्हरांड्यात नव्हे, वाचनालयाच्या खोलीत, खिडक्या लावून ठेवण्यात येतील. चहाची जबाबदारी मावशींनी स्वतःहून घेतली आहे. गेल्या वर्षीचा तो मुलगा आता दहावीत आहे आणि नावे देणाऱ्यांच्या यादीत त्याचे नाव पहिले आहे. पिशवीत काय आणणार, असे मी विचारले, तेव्हा आजोबांची घोंगडी आधीच मागून ठेवली आहे, असे तो म्हणाला.