पत्ते किती वेळा पिसावेत?

कागदाच्या आठ चिठ्ठ्या घ्या. त्यांवर १ ते ८ आकडे लिहून क्रमाने गठ्ठा करा. आता त्याचे चार-चारांचे दोन भाग करा आणि पहिल्यातली एक, दुसऱ्यातली एक, अशा चिठ्ठ्या एकाआड एक लावा. क्रम येईल १, ५, २, ६, ३, ७, ४, ८. हीच कृती आणखी दोनदा करा. काय दिसते? सगळे आकडे पुन्हा जागच्या जागी! बावन पत्त्यांचा कॅट असाच अचूक पिसला, तर आठव्या खेपेस तो मूळ क्रमावर येतो. म्हणजे पिसले की सारे विस्कळीत झाले, असे मुळीच नाही.

पर्सी डायकोनिस या मुलाला पत्त्यांची ही गंमत लहानपणीच भावली. त्याचा जन्म १९४५ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. प्रेक्षकांच्या अगदी समोर बसून पत्त्यांची हातचलाखी करण्यात डाय व्हर्नन हे त्या काळी गुरुस्थानी होते. १४ व्या वर्षी पर्सी घर आणि शाळा सोडून त्यांच्याबरोबर गावोगाव हिंडू लागला. पुढे अनेक वर्षे जादू हाच त्याचा चरितार्थ होता.

पत्त्यांनी त्याला संभाव्यतेकडे नेले. एका मित्राच्या सांगण्यावरून त्याने विल्यम फेलर यांचा त्या विषयावरील ग्रंथ विकत घेतला. पण कलनशास्त्र येत नसल्याने तो वाचताच येईना! मग वयाच्या २४ व्या वर्षी तो न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजात रात्रीच्या वर्गाला बसला. १९७१ साली पदवी मिळाली. गणिती कोड्यांचे प्रसिद्ध लेखक मार्टिन गार्डनर यांनी त्याच्यासाठी शिफारसपत्र लिहिले, हार्वर्ड विद्यापीठात प्रवेश मिळाला आणि १९७४ साली तो संख्याशास्त्रात पीएच.डी. झाला.

आता जादूगाराचा प्रश्न गणितज्ञाने हाती घेतला: पत्ते नीट मिसळायला किती वेळा पिसावे लागतात? कॅटचे साधारण दोन सारखे भाग करून, अंगठ्यांनी पत्ते फरफर सोडत ते एकमेकांत गुंफायचे, ही पद्धत घेऊ. पत्त्यांना १ ते ५२ क्रमांक द्या. एकदा पिसल्यावर पत्ते मिसळतात खरे. पण प्रत्येक भागातील पत्त्यांचा आपसातील क्रम तसाच राहतो. म्हणजे कॅटमध्ये फार तर दोन चढत्या साखळ्या असतात. दुसऱ्या वेळी फार तर चार, मग आठ, सोळा आणि पाचव्या वेळी बत्तीस. पण ५२ पासून १ पर्यंत उलटा क्रम हवा असेल, तर प्रत्येक पत्ता ही स्वतंत्र साखळी, म्हणजे ५२ साखळ्या! तेव्हा पाच वेळा पिसून तो क्रम येणे अशक्यच. काही क्रम येऊच शकत नसतील, तर पत्ते पुरते मिसळले असे कसे म्हणावे?

डेव्ह बेयर आणि डायकोनिस यांनी १९९२ साली पूर्ण हिशेब मांडला. पाच वेळा पिसेपर्यंत जुन्या क्रमाचा माग बराच शिल्लक राहतो, मग तो झपाट्याने पुसला जातो. सात वेळा पिसणे व्यवहारात पुरेसे. त्यानंतर दर खेपेस उरलेला माग सुमारे निम्मा होतो. आपण घरी पत्ते एका हातातून दुसऱ्या हातात थोडेथोडे टाकत पिसतो. त्या रीतीने मात्र हजारो वेळा पिसावे लागेल!

म्हणून ‘नीट पिसले’ असे कोणी म्हटले, की विचारा: किती वेळा, आणि कोणत्या रीतीने? जादूगार या माहितीच्या बळावर आपल्याला चकवतो. डायकोनिस यांनी तीच माहिती उघड करून सांगितली आणि त्यासाठी सुटलेले शिक्षण रात्रीच्या वर्गात बसून पुन्हा सुरू केले.

आता दहा चिठ्ठ्या घ्या. त्या कितव्या खेपेला जागेवर येतात, ते स्वतः करून पाहा.