मासा सगळ्यात शेवटी

रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातला, प्रवाळांसकटचा टँक, घरी करायचं ठरवलेला माणूस दुकानात शिरतो आणि थेट नारिंगी-पांढऱ्या क्लाउनफिशसमोर जाऊन उभा राहतो. दुकानदारही तत्परतेने जाळी हातात घेतो. तिथेच थांबा. या छंदात मासा ही सगळ्यात शेवटी घ्यायची वस्तू आहे आणि खर्चाच्या यादीतही तिचा नंबर बराच खाली लागतो. इथे पैसे पाण्यात घालायचे असतात, तेही जाणूनबुजून.

पहिला पंप पगारी होता

लंडनच्या ॲना थिन या बाई वेस्टमिन्स्टर ॲबीच्या उपप्रमुख धर्मगुरूंच्या पत्नी. 1846 मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावर त्यांना इंग्लंडच्या थंड समुद्रातले छोटे दगडी प्रवाळ सापडले. हे दगड नसून जिवंत प्राणी आहेत, या कल्पनेनेच त्या वेडावल्या. ते लंडनला न्यायचे कसे? बाईंनी सुई-दोरा काढला, प्रवाळ एका स्पंजला चक्क शिवून टाकले आणि समुद्राच्या पाण्याच्या बरणीत घालून घरी आणले. पाणी शिळं होऊ नये म्हणून घरातल्या मोलकरणीला काम लावलं: रोज अर्धा-पाऊण तास उघड्या खिडकीशी उभं राहून पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत राहायचं. पुढे त्यांनी समुद्री शेवाळ घातलं आणि हा संसार तीन वर्षं टिकला. घरगुती सागरी टँकच्या इतिहासात थिनबाईंचं नाव अगदी वर येतं. ज्या बाईच्या हातांवर तो टँक जगला, तिचं नाव मात्र कुणी लक्षात ठेवलं नाही.

आज तेच काम दहा-वीस वॉटचा वेव्ह पंप करतो. प्रवाळ जागचे हलत नाहीत. खाणं त्यांच्यापर्यंत पोचवायचं आणि घाण वाहून न्यायची, दोन्ही प्रवाहाचीच कामं. म्हणून टँकमध्ये जितकं पाणी असेल त्याच्या निदान वीसपट पाणी दर तासाला फिरलं पाहिजे, असा ढोबळ हिशोब धरतात. वीज गेली की सगळ्यात आधी संपतो तो पाण्यातला ऑक्सिजन. भारनियमनाच्या गावात राहत असाल, तर बॅटरीवरचा हवेचा पंप रंगीत दिव्याच्या आधी घ्या.

किनाऱ्यावर राहून समुद्र विकत

मुंबईकराला हमखास सुचणारी युक्ती: दादर चौपाटीवरून चार कॅन पाणी भरून आणायचं. नको. शहराच्या किनाऱ्याच्या पाण्यात सांडपाणी, तेल आणि काय काय असतं, आणि पावसाळ्यात त्यात गोडं पाणी मिसळून खारेपणा घसरतो. घरातलं मीठही चालत नाही. ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराइड. समुद्रात त्याच्या जोडीला मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट अशी मोठी पंगत बसलेली असते आणि प्रवाळाचा सांगाडा त्यातल्या कॅल्शियमवरच उभा राहतो. समुद्राच्या लिटरभर पाण्यात साधारण 420 मिलिग्रॅम कॅल्शियम आणि जवळपास 1300 मिलिग्रॅम मॅग्नेशियम असतं. रीफ सॉल्ट म्हणून बादलीत मिळतं ते मिश्रण हाच हिशोब पाळतं.

लिटरला 35 ग्रॅम क्षार, घनता 1.025 च्या आसपास. म्हणजे 200 लिटरच्या टँकला पहिल्याच दिवशी सात किलोच्या वर मिश्रण लागतं. ते विरघळवायचं पाणीही नळाचं नको, कारण क्लोरीन आणि फॉस्फेट त्यातून आयते येतात. आरओनंतर डीआय नावाचा आणखी एक टप्पा लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणतात. फिल्टर विकायला आलेला माणूस ज्या मीटरने आपल्याला घाबरवतो, तोच मीटर इथे खऱ्या अर्थाने कामाला येतो.

एक गोष्ट नवख्यांना हटकून चकवते. टँकमधून उडून जातं ते फक्त पाणी. मीठ आतच राहतं. पातळी खाली गेली म्हणून कुणी पुन्हा खारं पाणी ओतत राहिलं, तर टँक हळूहळू लोणच्याच्या वाटेला लागतो. भर घालायची ती नेहमी गोड्या, शुद्ध पाण्याची.

मोठा टँक सोपा, छोटा अवघड

उलटं वाटतं, पण तसंच आहे. 20 लिटरच्या टँकमध्ये एक गोगलगाय मेली तरी पाणी बिघडतं. 200 लिटरमध्ये तोच अपघात पचून जातो. गोड्या पाण्याच्या बाउलवर हात बसलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

मात्र मोठा टँक म्हणजे वजन. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच अशा टँकमध्ये सुमारे 250 लिटर पाणी मावतं. काच, दगड, वाळू, स्टँड आणि खालच्या कपाटातला संप (गाळणीची टाकी) धरला की आकडा साडेतीनशे किलो सहज ओलांडतो. भारतीय मानकानुसार घरातल्या खोलीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण 200 किलोचा वापरभार धरून आखतात. टँकखालची जागा जेमतेम अर्धा चौरस मीटर. सगळं वजन तेवढ्याच ठिपक्यावर पेललं जातं असं नाही, त्यामुळे लगेच घाबरायचं कारण नाही. पण टँक खोलीच्या मध्यभागी न मांडता बीमच्या किंवा भक्कम भिंतीच्या कडेला मांडा. जुन्या इमारतीत राहत असाल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची फी वाचवू नका.

आणि वायरी. खारं पाणी विजेचं उत्तम वाहक. टँककडून येणारी प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेला थेंब प्लगमध्ये न शिरता झोळाच्या तळाशी गळून पडतो. शिवाय त्या लाइनवर ईएलसीबी, म्हणजे विजेची गळती होताच लाइन तोडणारा स्विच, हवाच.

नागपूरचा पंखा, मुंबईचा चिलर

युरोपात लिहिलेल्या पुस्तकांत हीटरवर पानंच्या पानं असतात. आपला प्रश्न बरोबर उलटा. रीफ टँकला 25-26 अंश सेल्सिअस मानवतं. पाणी तिशीच्या वर जाऊन तिथेच राहिलं की प्रवाळ पांढरे पडू लागतात. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला तर बाष्पीभवनामुळे दोन-तीन अंश उतरतात, पण त्यासाठी हवा कोरडी लागते. म्हणजे विदर्भात ही युक्ती छान चालते (फक्त पाणी इतकं उडतं की भर घालून घालून हात दुखतील) आणि दमट मुंबईत तोच पंखा बराचसा नुसता फिरतो. मुंबई आणि कोकणात चिलरला पर्याय जवळजवळ नाहीच. बजेट लिहिताना तो पहिल्या ओळीत लिहा.

सहा आठवडे दगड बघा

सगळं बसवलं, पाणी भरलं, दिवा लावला. आता काय? आता काही नाही. टँक चार ते सहा आठवडे रिकामा ठेवायचा.

माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो आणि तो विषारी असतो. एक बॅक्टेरिया त्याचा नायट्राइट करतो, तोही विषारीच; दुसरा त्याचा नायट्रेट करतो, जो बराच निरुपद्रवी. या दोन पाळ्यांच्या कामगारांची वस्ती दगडांच्या भोकाभोकांत वसायला वेळ लागतो. पूर्वी या कामी एखाद्या काटक डॅमसेल माशाला बळीचा बकरा करत. तो बहुतेक वेळा जगायचा आणि पुढे टँकचा दादा होऊन बाकीच्यांना झोडपायचा! आता बाटलीतला अमोनिया मोजून टाकतात आणि बॅक्टेरियाही बाटलीतूनच मिळतात.

याच काळात दगडांवर तपकिरी थर चढतो, मग हिरवं शेवाळ येतं. घरची माणसं विचारतात, ‘याला पैसे दिले?’ टँक नीट चालल्याची ती खूण आहे, हे त्यांना पटणार नाही, पण आहे.

दुकानदाराला विचारायचा प्रश्न

व्हिक्टोरियन इंग्लंडमध्ये 1845 साली काचेवरचा कर उठला, 1853 मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, फिलिप हेन्री गॉस यांचं ‘द ॲक्वेरियम’ 1854 मध्ये आलं आणि देशभर टँकचं वेड पसरलं. लोकांनी किनाऱ्यावरची खळगी अक्षरशः खरवडून नेली. गॉस यांच्याच मुलाने, एडमंडने, पुढे त्या ओसाड किनाऱ्यांबद्दल हळहळून लिहिलं.

आपल्याकडे ती मुभा नाही, हे चांगलंच. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या पहिल्या अनुसूचीत 2001 मध्ये सगळे दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडेसुद्धा आले. आपल्या समुद्रातून ते काढणं, विकणं, बाळगणं गुन्हा आहे आणि शिक्षा तीन ते सात वर्षं कैद. त्यामुळे ‘अंदमानचा लाइव्ह रॉक (समुद्रातून जिवांसकट उचललेला दगड) आहे साहेब, एकदम नॅचरल’ असं कुणी कुजबुजलं तर दुकान बदला. त्याऐवजी भट्टीत भाजलेले सच्छिद्र कृत्रिम दगड मिळतात. बॅक्टेरियाला त्यात काही कमीपणा वाटत नाही आणि नको असलेले पाहुणेही येत नाहीत. जंगली दगडाच्या भोकातून कधी मँटिस कोळंबीही उतरते, आणि तिच्या ठोशापुढे गोगलगाईचं कवच टिकत नाही.

सुरुवात मऊ जातींनी करा: मशरूम, झोआ, लेदर. त्या चिवट असतात, प्रकाशही कमी मागतात. परदेशातून आलेल्या जिवांचे आयातीचे कागद मागताना लाजू नका.

आणि प्रवाळ बघायचेच असतील तर फार लांब जावं लागत नाही. मालवणच्या समुद्रात आहेत. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभर किलोमीटरच्या पलीकडे आंग्रिया बँक आहे, आंग्र्यांचं नाव मिरवणारं पाण्याखालचं पठार. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत आलेल्या हाजी अली-वरळीकडच्या प्रवाळ वसाहती 2020 मध्ये उचलून दुसरीकडे रुजवल्या गेल्या. गाडीतून जाताना हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.

निळा दिवा, तपकिरी फेस

प्रवाळाच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतं आणि उष्ण समुद्रातल्या बऱ्याच जाती आपल्या गरजेतली 90 टक्क्यांपर्यंत ऊर्जा या भाडेकरूकडून वसूल करतात. म्हणून रीफचा दिवा निळसर असतो: खोल पाण्यात निळा प्रकाशच जास्त पोचतो. लंडनच्या हॉर्निमन म्युझियमने दिव्यांनी चंद्राच्या कलांचं, ऋतूंचं वेळापत्रक हुबेहूब पाळलं आणि टँकमधल्या प्रवाळांनी अंडी सोडली. आपल्याला इतकं जमलं नाही तरी आठ-दहा तासांचा टायमर पुरे.

कपाटात लपणारा प्रोटीन स्किमर मात्र दिव्याइतकाच महत्त्वाचा. बारीक बुडबुड्यांना चिकटून घाण वर येते आणि कपात जमा होते. ही युक्ती मुळात खाणीतलं खनिज वेगळं करण्याची. 1960 च्या दशकात जर्मन हौशी मंडळींनी ती टँकला जोडली. कपात रोज चहाच्या रंगाचं पाणी साचतं. वास घेऊ नका.

एक गोष्ट हसण्यावारी नेऊ नये

झोआ आणि त्यांच्या भावकीतल्या पॅलिथोआ या जातींत पॅलिटॉक्सिन असू शकतं, निसर्गातल्या अत्यंत जहाल विषांपैकी एक. नको असलेले प्रवाळ मारायला कुणी दगड उकळला आणि त्या वाफेने घरातली माणसं इस्पितळात गेली, असं परदेशात घडलेलं आहे. दगड उकळायचा नाही, गरम पाण्याने घासायचा नाही. हातमोजे, चष्मा, आणि लहान मुलं दुसऱ्या खोलीत. प्रवाळाचा तुकडा दगडावर बसवायला मात्र घरगुती सुपरग्लूचं जेल चालतं. ओल्या दगडावरही ते पकडतं.

आता मासा

क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात. घरात सगळ्यात मोठी ती मादी, तिच्या खालोखालचा तिचा नवरा. मादी गेली की नवराच मादी होतो आणि पुढचा पोरगा बढती घेऊन नवरा. ‘फाइंडिंग निमो’ 2003 मध्ये आला; विज्ञानाला धरून काढला असता तर निमोचे बाबा पहिल्या दहा मिनिटांत आई व्हायला लागले असते. दुकानातून दोन छोटी पिल्लं घ्या, कोण काय व्हायचं ते ती ठरवतील. हॅचरीतलीच घ्या: केंद्रीय सागरी मत्स्यकी संशोधन संस्थेने त्यांची पैदास भारतात बसवून दिलेली आहे, आणि आपल्याकडे ऐरोलीला मॅन्ग्रोव्ह फाउंडेशनच्या केंद्रातही शोभिवंत सागरी माशांची हॅचरी आहे. क्लाउनफिश ज्यात राहतो तो ॲनिमोन मात्र लगेच नको. तो टँकभर चालत फिरतो, पंपात अडकतो आणि मरताना पाणी नासवतो.

मुलं त्याच सिनेमातली निळी डोरी मागतील. तो मासा वाढून फुटाच्या आसपास होतो आणि त्याला पोहायला लांबच लांब जागा लागते. चार फुटांत त्याचा कोंडवाडा होतो. त्याऐवजी गोबी आणि पिस्तूल कोळंबीची जोडी आणा. कोळंबीला धड दिसत नाही, पण ती दिवसभर बीळ खणते. गोबीला खणता येत नाही, पण तो दाराशी पहारा देतो. कोळंबीची एक मिशी कायम गोबीच्या अंगाला टेकलेली असते. त्याने शेपटी हलवली की दोघं आत. रात्री ‘टक्’ असा आवाज आला तर काच तडकली म्हणून उठून बसू नका, कोळंबीने नांगी वाजवली असेल. आणि टँकवर जाळीचं झाकण आधी बसवून घ्या, कारण घाबरलेला गोबी उडी मारतो आणि सकाळी सोफ्याखाली सापडतो.