पंख आणि पंखा

मॉडेल विमान उडवायला शिकणारा विद्यार्थी दोन गोष्टींवर जीव टाकतो : पंख आणि इंजिन. पंखांवरचे आवरण सुरकुती न पडता बसावे म्हणून तो रात्री जागवतो, इंजिनाला तेलपाणी करतो. नाकावरचा पंखा, म्हणजेच प्रॉपेलर, मात्र दुकानदार देईल तो आणला जातो. वास्तविक इंजिनाची सारी मेहनत हवेपर्यंत पोचते ती याच लाकडाच्या किंवा नायलॉनच्या तुकड्यातून. पंख विमानाला उचलतात, पण त्यांना हवेतून ओढून नेतो तो पंखा. या लेखात तो पंखा आणि त्याच्यावरची टोपी, म्हणजे स्पिनर, यांची निवड कशी करावी ते पाहू. माझे म्हणणे थोडक्यात एवढेच की शिकाऊ विमानाचा पंखा वेगासाठी निवडू नये. तो ओढीसाठी आणि आपल्या मैदानाकडे पाहून निवडावा.

आपल्याकडे महाविद्यालयांपर्यंत हा छंद पोचवण्याचे मोठे श्रेय एन.सी.सी.च्या हवाई शाखेला द्यावे लागेल. या शाखेची पहिली दोन पथके १ एप्रिल १९५० रोजी मुंबई व कलकत्ता येथे उभी राहिली, आणि मॉडेल विमाने बांधणे व उडवणे हा कॅडेटांच्या शिक्षणाचा भाग आजही आहे. आता बॅटरीवरच्या मोटारी सर्वत्र झाल्या असल्या, तरी मिथेनॉल आणि एरंडेल यांच्या मिश्रणावर चालणारे छोटे इंजिन अजून अनेकांच्या हाती आहे. प्रस्तुत विवेचन त्याला धरून आहे.

दोन आकड्यांची भाषा

पंख्यावर "१०×६" असे आकडे कोरलेले असतात. दोन्ही आकडे इंचांचे. पहिला व्यासाचा, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतच्या लांबीचा. दुसरा पिचचा. स्क्रू लाकडात पिळला की एका फेऱ्यात तो ठराविक अंतर आत शिरतो. पंखाही हवेत तसाच शिरतो असे मानले, तर एका फेऱ्यात तो जितका पुढे जाईल तितके त्याचे पिच. हवा लाकडासारखी घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात तो थोडा कमी सरकतो, हे ओघाने आलेच.

मोटारसायकलच्या उपमेने हे चटकन समजते. कमी पिचचा पंखा म्हणजे पहिला गिअर : ओढ भरपूर, वेग कमी. जास्त पिचचा पंखा म्हणजे वरचा गिअर : एकदा गती आली की धावतो, पण उभ्या गाडीला हलवताना धापा टाकतो. शर्यतीच्या विमानाला वरचा गिअर शोभतो. शिकाऊ विमानाला कमी अंतरात जमीन सोडायची असते आणि उतरताना सावकाश खाली यायचे असते. त्याला खालचाच गिअर बरा.

शिकाऊ विमानांत सर्वाधिक रूढ असलेले इंजिन "चाळीस" या नावाने ओळखले जाते. ०.४० घन इंच, म्हणजे सुमारे साडेसहा घन सेंटिमीटर, एवढी त्याची क्षमता. त्याला सामान्यतः १०×६ चा पंखा लावतात. तो मिनिटाला १२,००० फेरे फिरला, तर पिचच्या हिशेबाने त्याचा वेग ताशी सुमारे ११० किलोमीटर भरतो. विमान प्रत्यक्षात याहून कमी वेगाने जाते.

ओझ्याचा निर्देशांक

येथे वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला आपले थोडे ज्ञान वापरता येते. पंख्याचे इंजिनावर पडणारे ओझे अजमावण्याचा एक ढोबळ नियम आहे : व्यासाचा चौथा घात घ्यावा आणि त्याला पिचने गुणावे. आलेला आकडा मोठा असतो, म्हणून १०×६ ला १०० धरून बाकीच्यांचा निर्देशांक काढू. ९×७ चा येतो ७७, १०×७ चा ११७, ११×५ चा १२२ आणि ११×६ चा १४६.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. एक इंच व्यास वाढवला आणि एक इंच पिच कमी केले की हिशेब बरोबरीत सुटला, असे पुष्कळांना वाटते. तो सुटत नाही. १०×६ काढून ११×५ लावला, तर ओझे जवळजवळ सव्वापट होते, कारण व्यास चौथ्या घाताने वाढतो. इंजिनाचे फेरे १२,००० वरून साधारण ११,२०० वर येतात. त्याबदल्यात पंखा जास्त हवा मागे लोटतो, विमान लवकर जमीन सोडते, आणि उतरताना हाच मोठा पंखा संथ फिरत ब्रेकचेही काम करतो.

ओझे किती वाढवावे, याला अर्थातच मर्यादा आहे. फार मोठ्या पंख्याने इंजिन गुदमरते व तापते. फार लहान पंख्याने ते बेफाम फिरते आणि आतील दांडा व बेअरिंगे लवकर झिजतात. इंजिनाबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत कोणते पंखे चालतील ते छापलेले असते. आपली निवड त्या यादीतच करावी.

मैदान पाहून पंखा

वडिलांच्या नोकरीमुळे सुट्टीत माझा मुक्काम दादरा नगर हवेलीत, सिल्वासाजवळच्या सुरंगीला असतो. एका बाजूला कारखाने आणि दुसऱ्या बाजूला भातशेती, असे हे गाव. भात कापून झाले की खाचरे मोकळी होतात, पण त्यांना विमानतळाची ऐट नसते. चहूबाजूंनी बांध, जमिनीत धसकटे, आणि साफ करून मिळाली तर पंचवीस-तीस पावलांची पट्टी. अशा ठिकाणी विमान चटकन उचलले गेले पाहिजे. म्हणून ११×५ चा पंखा योग्य ठरतो.

मात्र येथे दुसरी बाजूही पाहावी लागते. ११ इंची पंख्याचे टोक १० इंचीपेक्षा अर्धा इंच खाली येते. पुढचे चाक खड्ड्यात गेले की हाच अर्धा इंच नडतो. विमान सपाट जमिनीवर ठेवून पंखा उभा करावा आणि खाली किती जागा उरते ते मोजावे. दोन बोटेही जागा नसेल, तर मोठ्या पंख्याचा मोह सोडून १०×६ वरच समाधान मानावे, किंवा चाके मोठी बसवावीत.

आपल्या बेळगावची गोष्ट थोडी निराळी आहे. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंच. येथील हवा सुरंगीसारख्या सखल गावापेक्षा सहा-सात टक्के विरळ. विरळ हवेत इंजिनाची ताकद कमी होते, पण पंख्याला होणारा अडथळाही त्याच प्रमाणात घटतो. त्यामुळे फेरे जवळपास तेवढेच दिसतात आणि सारे ठीक आहे असा समज होतो. ओढ मात्र घटलेली असते. म्हणून येथे धावपट्टी थोडी लांब धरावी आणि इंधनाची सुई किंचित आवळून घ्यावी.

लाकूड की नायलॉन?

लाकडी पंखा हलका व ताठ असतो. जमिनीवर आपटला की तो मोडतो, पण स्वतः मोडून बहुधा इंजिनाचा दांडा वाचवतो. नायलॉनचा पंखा चिवट. शिकाऊ माणसाच्या चार-दोन धडका सहन करतो. साधे नायलॉन कोरडे पडले की ठिसूळ होते, म्हणून जुने मॉडेलकार असे पंखे पाण्यात उकळून घेत. साच्यातून आलेल्या नायलॉनच्या कडा सुरीसारख्या असतात; त्या बारीक पॉलिश कागदाने बोथट कराव्यात. कोकणपट्टीच्या पावसाळ्यात लाकूड ओल धरते, तेव्हा लाकडी पंख्याला व्हार्निशचा हात द्यावा आणि तोल पुन्हा तपासावा.

धातूचे पाते कधीही वापरू नये. अमेरिकेतील मॉडेल विमान संघटनेच्या सुरक्षा नियमांत त्याला स्पष्ट मनाई आहे. तसेच बॅटरीच्या मोटारीसाठी बनवलेला पातळ पंखा इंजिनावर चढवू नये. इंजिनाचे धक्के सोसण्याची त्याची घडण नसते.

तोल आणि बसवणी

नवा पंखाही तोलूनच बसवावा. मधल्या भोकातून गुळगुळीत दांडी घालून ती दोन समपातळीतील पात्यांवर ठेवली की जड बाजू खाली येते. त्या पात्याची मागची बाजू थोडी घासावी. तोल बिघडलेल्या पंख्याने सारे विमान थरथरते, टाकीतील इंधनाला फेस येतो आणि इंजिन हवेत मध्येच बंद पडते. भोक मोठे करायचे असल्यास ते मधोमधच राहील याची काळजी घ्यावी.

पिस्टनला दाब लागू लागतो त्या क्षणी पंखा आडवा असेल, असा तो आवळावा. इंजिन हवेत बंद पडले तर पंखा बहुधा आडवाच थांबतो, आणि उतरताना मोडण्यापासून वाचतो.

टोपी शोभेची नव्हे

स्पिनर पाहून विमान देखणे दिसते यात शंका नाही. पण त्याची खरी कामे वेगळी. दांड्याचे अणकुचीदार टोक तो झाकतो, आणि विजेच्या स्टार्टरचा रबरी पेला टेकवायला नीट जागा देतो. चाळीसच्या इंजिनाला सामान्यतः दोन ते सव्वादोन इंच व्यासाचा स्पिनर पुरतो. प्लॅस्टिकचा हलका व स्वस्त असतो. ॲल्युमिनियमचा टिकाऊ असतो, पण नाकाचे वजन वाढवतो. तो बसवल्यावर विमानाचा गुरुत्वमध्य पुन्हा पाहावा. निवडताना तीन गोष्टी तपासाव्यात. मागची चकती पंख्याला सपाट टेकते का? टोपीच्या खाचा पात्याला कुठे घासत तर नाहीत? आणि फिरवून पाहिल्यावर टोक डुगडुगते का? घासणाऱ्या खाचेमुळे पात्याला चरा पडतो, आणि चरा पडलेले पाते केव्हातरी उडतेच. या तिन्हींत समाधान होत नसेल, तर स्पिनरऐवजी गोल डोक्याचा नट लावावा. त्यात कमीपणा काही नाही.

बोटांची किंमत

१०×६ चा पंखा १२,००० फेऱ्यांनी फिरत असताना त्याचे टोक ताशी सुमारे ५७५ किलोमीटर वेगाने जात असते. डोळ्यांना तिथे केवळ धूसर चकती दिसते. टोके पांढरी किंवा पिवळी रंगवावीत, म्हणजे ती चकती नजरेस येते. इंजिन बोटाने सुरू न करता लाकडी काठीने किंवा स्टार्टरने करावे. सुरू होताच मागे जाऊन मागूनच सुई फिरवावी. पंख्याच्या रेषेत कोणालाही उभे राहू देऊ नये. ओढणी, सैल बाही, गणवेशाची लोंबती दोरी यांना तेथे मज्जाव असावा. चरा पडलेला पंखा चिकटवून वापरू नये. तोडून टाकावा, म्हणजे दुसरा कोणी उचलून लावणार नाही. उडवण्यापूर्वी डिजिटल स्कायच्या नकाशावर आपले मैदान हिरव्या पट्ट्यात आहे ना ते पाहावे आणि विमान नजरेआड होऊ देऊ नये. ड्रोन नियम, २०२१ मॉडेल विमानांनाही लागू आहेत. सांबऱ्याचा विमानतळ जवळ असलेल्या आपल्या गावात तर ही खबरदारी अधिकच हवी.

शेवटी जमाखर्चाची एक गोष्ट. इंजिन हे भांडवल आहे. पंखा हा खर्ची पडणारा माल आहे. चार पंखे शिलकीत ठेवून शिकायला बसणारा विद्यार्थी मोडलेल्या पंख्याचे दुःख करीत नाही, आणि चरा पडलेला पंखा वाचवण्यासाठी आपली बोटे पणाला लावत नाही. पंखांवर जेवढे प्रेम करतो, त्याच्या पाव हिस्सा तरी पंख्यावर करावे. विमान परत आपल्या पायांशी येऊन उतरण्याची शक्यता त्याने पुष्कळच वाढते.