जुनी बंदूक घासू नका

अठराव्या शतकातली लष्करी बंदूक हाती आली की जाणकार संग्राहक आधी तिचा कान पाहतो. नळीच्या बुडाशी असलेलं हे बारीक छिद्र. बाहेरच्या रंजकाची, म्हणजे पेटवणीच्या दारूची, आग यातूनच आतल्या दारूपर्यंत पोचायची.

ब्रिटिश पायदळाची ‘ब्राऊन बेस’च घ्या. वजन सुमारे साडेचार किलो, नळीचं तोंड 19 मिलिमीटर. चाप ओढला की घोड्यात धरलेली चकमकीची गार पोलादी पट्टीवर आपटायची. उडणारी ठिणगी मात्र दगडाची नव्हे, पोलादाची! गारेची धार पोलादाचे सूक्ष्म कण खरवडते. घर्षणाने तापलेले ते कण हवेत पेट घेतात. म्हणूनच वापरलेल्या पट्टीवर उभे ओरखडे उरतात.

दारूही आपली खूण ठेवते. सोरा, कोळसा आणि गंधक यांचं हे मिश्रण जळालं, तरी त्याचं निम्म्याहून अधिक वजन धुरात आणि राखेत घनरूपानेच उरतं. त्यातलं पोटॅशियम कार्बोनेट हवेतली ओल शोषून घेतं. या ओलसर क्षारांमुळे कानाभोवतीचं लोखंड गंजतं, त्याला खड्डे पडतात.

ही खूण लबाडी उघडी पाडते. एकोणिसाव्या शतकात चकमकीच्या असंख्य बंदुका केपाच्या, म्हणजे आघाताने पेटणाऱ्या टोपीच्या, केल्या गेल्या. पुढे हौशी बाजारात चकमकीला मोल आलं, तसे काहींना पुन्हा जुने भाग बसवण्यात आले. पट्टीवर ओरखडे भरपूर आणि कान मात्र कोरा, असं दिसलं की संग्राहक सावध होतो.

महादजी शिंद्यांसाठी द बॉयन या युरोपीय सेनानीने उभारलेल्या पलटणींच्या बंदुका आग्र्यात घडत. असं एखादं हत्यार एखाद्या घरात आजही असू शकतं. म्हणून कळकळीने सांगतो, पॉलिश पेपरने ते चकचकीत करू नका. उदाहरणार्थ, 1764 पूर्वीच्या ब्रिटिश बंदुकांच्या चापपट्ट्यांवर (चापाची यंत्रणा बसवलेल्या पत्र्यावर) कारागिराचं नाव आणि साल कोरलेलं असे. चार घासण्यांत ते कायमचं पुसलं जातं. सैल गंज मऊ फडक्याने टिपा, तेलाचा पातळ हात द्या, बंदूक कोरड्या जागी ठेवा.

आणि त्याआधी ती रिकामी आहे ना, हे तज्ज्ञाकडून तपासून घ्या. कोरडी राहिलेली दारू दोनशे वर्षांनीही पेटते.